स्क्रीन काळी दिसली म्हणून फॉरमॅटला हो म्हणू नका

पावसाळा लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या आमच्या नातेवाइकांचा एक फोन ठरलेला, "अरे कॉम्प्युटर चालू होतंय पण काहीच दिसंना", आणि लगेच पुढचं वाक्य, "दुकानात विचारलं, फॉरमॅट मारायला पाहिजे म्हणायलेत". हे दुसरं वाक्य ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, म्हणून आज जरा सविस्तर लिहायलोय.

यंदा फोन जांबोटीच्या मामांचा. मामांच्या कॉम्प्युटरमध्ये भजनी मंडळाचे अभंग आहेत, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून ऐकून टाइप केलेले, तेपण श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. मामेबहिणीनं जुन्या नुडीत, म्हणजे कन्नडच्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये, टाइप केलेले कन्नड अर्ज आहेत, कारण तालुक्याला काही द्यायचं झालं की घरात कन्नड लिहिणारी तीच. शिवाय सगळ्यांच्या लग्नाचे फोटो. आता हे जुने फॉन्ट युनिकोडच्या (सगळीकडं सारखी दिसणारी अक्षरपद्धत) आधीचे, त्यामुळे फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की फाइल शिल्लक राहिली तरी उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, अभंग वाचताच येत नाही. मामा फोनवर म्हणाले, "सगळं जाणार म्हणायलाय रे तो." मी म्हटलं मामा, कशालाच हो म्हणू नका, मशीन बंद करून ठेवा, मी रविवारी येतो.

मला सांगायचंय ते एवढंच आहे की फॉरमॅट होते डिस्क, म्हणजे तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. आणि चालू केल्यावर सुरुवातीला जो कंपनीचा लोगो किंवा पांढरी अक्षरं येतात ती डिस्कवरून येत नाहीत, ती मदरबोर्डवरच्या (आतला मुख्य बोर्ड) चिपमधून येतात, विंडोज त्याच्यानंतर. म्हणजे लोगोच दिसत नसेल तर बिघाड विंडोजपर्यंत पोचायच्या आधीचा आहे आणि फॉरमॅट मारून तो जाणारच नाही. मोटर चालू आहे पण घरात पाणी येईना म्हटल्यावर आपण पाइप बघतो, विहीर बुजवत नाही. म्हणून दुकानात फोन करायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, लोगो येतो का नाही?

येत नसेल तर आधी मॉनिटरच बघा. मॉनिटरवर 'नो सिग्नल' असं काही येत असेल तर तो बिचारा चांगला आहे, त्याला वायरीतून काही मिळत नाही एवढंच. वायर दोन्ही टोकांना काढून परत घट्ट लावा. जुनी निळी व्हीजीए असेल तर तिच्या 15 पिनांपैकी एखादी वाकलीय का ते उजेडात बघा, बाजूचे स्क्रू पिळा. मॉनिटरच्या बटणावर सोर्स बदलायची सोय असते, लहान मुलं दाबतात आणि तो व्हीजीएवरून एचडीएमआयवर जाऊन बसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डालाच पाहिजे, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नको. आणि मॉनिटर किंवा लॅपटॉप एकदम काळा वाटत असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, आत पुसट चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय, कॉम्प्युटर ठणठणीत आहे.

मग कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय तर मशीन आत जागं आहे. पंखा फिरतोय पण कॅप्स लॉकचा दिवा हलतच नाही, मॉनिटरला सिग्नल नाही, तर माझा पहिला संशय रॅमवर (मदरबोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी), आणि आमच्या भागात पावसाळ्यात तो बऱ्याचदा खरा निघतो. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस लागला की भिंतीला ओल येते, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, तीच दमट हवा कॅबिनेटमध्येपण जाते आणि रॅमच्या पट्टीवर जे सोनेरी पॉइंट असतात त्यांच्यावर धूळ-ओलीचा थर बसून कॉन्टॅक्ट नीट होत नाही. काही मदरबोर्ड अशा वेळी लांब लांब बीप देतात, पण त्याला आत बारका स्पीकर जोडलेला लागतो आणि बऱ्याच मशीनमध्ये तो नसतोच, त्यामुळे बीप नाही म्हणजे रॅम चांगली असं समजू नका.

मामांच्याकडं हेच होतं. प्लग भिंतीतून काढला (नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा), पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज रॅमला बसत नाही. दोन्ही पट्ट्या काढल्या, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरनं सोनेरी पॉइंट हलक्या हातानं पुसले, कण झटकले, कोरड्या ब्रशनं स्लॉट साफ केला. परत लावताना आधी एकच पट्टी लावायची. खाच जुळवायची, उलटी बसतच नाही ती, आणि टक् आवाज येईपर्यंत दाबायची. चालू केलं आणि लोगो आला! मामी देवघरातनं पळत आली. मग दुसरी पट्टी लावून बघितली, तीपण चांगली होती.

कॅबिनेटमधला सगळ्याला वीज पुरवणारा लोखंडी डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधी उघडू नका. प्लग काढल्यावरसुद्धा त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहते. ते काम रिपेअरवाल्याचंच.

लोगोनंतर एक मेसेज आला, तारीख-वेळ चुकलीय, एफ1 दाबा. म्हणजे मदरबोर्डवरचा तो नाण्यासारखा सेल संपलेला, सीआर2032, 3 व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातपण मिळतो. तो बदलला नाही तर तारीख मागं जाते आणि ब्राउझर चांगल्या वेबसाइटलापण 'सुरक्षित नाही' म्हणून अडवतो.

आता ज्यांचा लोगो येतो आणि नंतर काळं होतं त्यांच्यासाठी. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर) परत सुरू होतो. नाही जमलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, टास्क मॅनेजर, आणि नवीन टास्कमध्ये एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाइप करा, नुसता डेस्कटॉप बसला असेल तर येतो. तेही नाही तर लोगो आल्यावर पॉवर दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच रिपेअरचा मेनू दाखवतं, त्यातून सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्प्लेचा ड्रायव्हर मागच्या व्हर्जनवर न्या. अपडेटनंतर लगेच काळं झालं असेल तर हे नक्की करून बघा. काही मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला विंडोजचं कुलूप, असतं, ते या मेनूत 48 आकडी रिकव्हरी की मागतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करत असाल तर बहुतेक तिथं साठवलेली असते, मोबाइलवरून बघता येते.

एवढं करूनही नाही आलं तर दुकानात न्याच, पण तिथं स्पष्ट सांगा, आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि डेटा कॉपी करा, मगच पुढचं. एसएसडी (आत तबकडी न फिरणारी नवीन प्रकारची डिस्क) असेल तर जास्तच ठासून सांगा, कारण तिच्यावर फॉरमॅट झाल्यावर फाइली परत मिळायची आशा फार कमी. आणि कॉपी करताना डॉक्युमेंट आणि फोटोंसोबत सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डरपण घ्यायला लावा, ते कुणी आपणहून घेत नाही.