आधी आजींना दाखवला, मग मंडळीला

आमच्या चर्चमध्ये सेवाकार्याचा रिपोर्ट वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने व्हायचा. उपासना संपत आली की सेक्रेटरी कागद घेऊन उभे राहायचे आणि वाचायचे, इतक्या घरी भेटी झाल्या, इतक्या मुलांना वह्या दिल्या, साक्षरता वर्गाला इतके जण येतात. काम सगळं खरं होतं, पण आकडे ऐकून डोळ्यासमोर काही उभं राहत नाही ना. जी माणसं दर महिन्याला अर्पण देतात, प्रार्थनेत त्या वर्गाचं नाव घेतात, त्यातल्या कितीतरी जणांनी तो वर्ग कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. म्हणून व्हिडिओ करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीलाच एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारलं, की बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६ व्या अध्यायात, प्रभू म्हणतो उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, मग आपण पडद्यावर का दाखवायचं? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला, अजूनही वाटतो. मी घरी जाऊन परत परत वाचलं. तिथे मनाई आहे ती स्वतःपुढे कर्णा वाजवायला, लोकांनी वाहवा करावी म्हणून दान करायला. पण प्रेषितांची कृत्ये १४:२७ मध्ये पौल आणि बर्णबा हे प्रेषित सेवेचा दौरा संपवून अंत्युखियाला परत आल्यावर मंडळीला एकत्र जमवतात आणि देवाने त्यांच्याबरोबर राहून काय काय केलं ते सांगतात. ज्या मंडळीने त्यांना पाठवलं तिला ते ऐकायचा हक्क होता. फरक कर्त्याचा आहे, त्या वाक्यात करणारा देव आहे, पौल नाही. तेव्हापासून एक नियम केला, देणाऱ्याचा चेहरा नको, बॅनर नको, वस्तू हातात देतानाचा फोटो तर नकोच नको.

चर्चने चित्रं वापरणं तसं नवीनही नाही. मुक्तिफौजेने, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने, मेलबर्नमध्ये १८९० च्या दशकातच लाइमलाइट डिपार्टमेंट नावाचा विभाग काढला होता, आधी काचेच्या स्लाइड, मग १८९७ पासून चलचित्रं, आणि १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याच्या स्थापनेच्या सोहळ्याचं चित्रीकरणही त्यांनीच केलं. आपल्या समाजसेवेची चित्रं पण ते दाखवायचे. आज आपल्या खिशात त्याहून कितीतरी भारी कॅमेरा आहे.

तर पहिला व्हिडिओ साक्षरता वर्गाचा. तिथे एक आजी येतात, सत्तरीच्या पुढच्या, सगळ्यात पुढे बसतात कारण नजर कमी झालीय. मी असं जोडलं होतं, आधी एका जुन्या कागदावरचा त्यांचा अंगठा, मग वर्ग, मग थरथरत्या हाताने त्या नाव लिहितात, आणि पूर्ण तीन मिनिटं खाली हळू हळू दर्दभरं संगीत. मला स्वतःलाच डोळ्यात पाणी आलं होतं बघताना. रविवारच्या आधी सहज म्हणून आजींना दाखवायला गेले. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "यात माझा अंगठा कशाला दाखवला गं? मला सही येते आता." मी काही बोलायच्या आत परत म्हणाल्या, "आणि गाणं एवढं रडकं का लावलंय, मी कुठे रडत होते?"

खरंच त्या रडत नव्हत्या. त्या दिवशी त्या चांगल्या खुशीत होत्या, शेजारच्या बाईंची वही बघून चुका काढत होत्या. मीच त्यांच्यावर दुःख लादलं होतं, कारण मंडळीचं मन द्रवावं असं मला वाटत होतं. त्या रात्री मी सगळं परत कापलं. अंगठा काढला, संगीत काढलं, सुरुवातच सहीने केली, खाली आवाज फक्त कागदावर चालणाऱ्या पेन्सिलीचा. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दाखवला. या वेळी त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "आता दाखव सगळ्यांना."

त्यानंतर माझी हीच पद्धत आहे, व्हिडिओ आधी ज्याचा आहे त्याला दाखवायचा, मग पाळकांना, मग मंडळीला. फॉर्मवर सही घेतली म्हणजे परवानगी झाली असं मला आता वाटत नाही, कारण शूटिंगच्या वेळी माणसाला माहितीच नसतं आपण पडद्यावर कसे दिसणार आहोत. आणि जो माणूस चर्चकडून मदत घेतो तो समोर नाही म्हणायला कचरतो, हे लक्षात ठेवून आपणच मागे सरायचं असतं. मुलांच्या बाबतीत तर मी पालकांची लेखी परवानगी घेते आणि तरीही पाठीमागून किंवा फक्त हात घेते, शाळेचा बिल्ला, घराची पाटी काही दिसू देत नाही.

प्रश्न विचारण्यातही मी चुकत होते. "चर्चमुळे काय फायदा झाला?" असं विचारलं की समोरचा आभारच मानणार, दुसरं काय बोलणार बिचारा. आता मी विचारते, आज वर्गात काय केलं, कुठलं अक्षर जड जातं. मग माणूस मोकळा बोलतो.

टेक्निकल बाजू फार अवघड नाही पण आवाजाकडे लक्ष द्या, चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात, बोलणं कळलं नाही की लक्ष गेलंच. दोन मीटरवरून मोबाईलने घेतलं की पंखा आणि खोलीचा घुमाराच जास्त येतो. क्लिपवाला माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, तो नसेल तर दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याजवळ ठेवा आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र बरोबर जुळवता येतं. मोबाईल आडवा धरा, पडदा आडवा असतो. खाली सबटायटल द्या, मोठ्या अक्षरात, ऐकू कमी येणारे सभासद प्रत्येक मंडळीत असतात. आणि तीन मिनिटं पुरे, उपासनेचा वेळ आहे तो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. साक्षरता वर्गाच्या त्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसत होते, मला वाटलं माझा मोबाईल बिघडला. उपासना झाल्यावर एक सभासद आले, वायरिंगची कामं करतात, फारसे बोलत नाहीत कोणाशी. म्हणाले, तिथली ट्यूब जुन्या चोकवर आहे, ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, कॅमेऱ्याला ते पट्ट्यांसारखं दिसतं. मग म्हणाले, "पण पट्ट्यांचं सोडा, एवढ्या मोठ्या खोलीत एकच ट्यूब आहे का? म्हाताऱ्या माणसांनी वाचायचं कसं?" पुढच्या शनिवारी ते स्वतः जाऊन दोन नवीन दिवे लावून आले. आम्ही इतके दिवस त्या खोलीत जात होतो, रिपोर्टमध्ये कधी कोणी उजेडाबद्दल एक ओळ लिहिली नव्हती.

पसरवायच्या बाबतीत मी जरा कडक आहे. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलं तरी लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघू शकतो, आणि ग्रुपवर टाकलेली लिंक कुठे कुठे फॉरवर्ड होते ते कळत नाही. त्यामुळे काही व्हिडिओ फक्त चर्चमध्येच दाखवले, इंटरनेटवर टाकलेच नाहीत. हॉस्पिटलच्या भेटींना तर कॅमेरा नेतच नाही, तिथे जाणारी बहीण स्वतः उभी राहून साक्ष देते आणि तेच बरोबर वाटतं.

आजींनी मात्र आपली कॉपी मागितली, मुलाच्या मोबाईलवर पाठव म्हणाल्या. पहिल्यांदा साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅपने तो दाबून छोटा केला आणि सही पुसट दिसायला लागली, आजींचा निरोप आला की नाव नीट वाचता येत नाही. मग तोच परत डॉक्युमेंट म्हणून पाठवला. आता प्रत्येक अक्षर दिसतं.