वही छापायला का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या घरी पणजीच्या काळापासूनची पाककृती आणि घरगुती औषधांची हस्तलिखित वही आहे. ती मी छापायला का देत नाही, हा तुमचा प्रश्न. जुने ज्ञान दडवून ठेवते, हा त्यामागचा आरोप.

आधी तुमची निराशाच करते. त्या वहीत तांबडा रस्सा नाही आणि पांढराही नाही. नेहमी हाताखालून जाणारा पदार्थ कोणी लिहून ठेवीत नसे. लिहिले जाई ते वर्षातून एकदा करायचे आणि म्हणूनच विसरण्याजोगे, म्हणजे वर्षाची चटणी, लोणची, सांडगे, बाळंतिणीचे लाडू. सांगणारी पणजी, लिहिणारे तिचे कारकून दीर, त्यामुळे निम्म्याहून अधिक वही मोडी लिपीत आहे. औषधांची मापे तोळा, मासा, गुंजांत नेमकी आहेत. स्वयंपाकाची मात्र 'चिपटेभर', नाहीतर 'पुरेसे'. चार चिपट्यांचा शेर, हे मी सांगू शकते. 'पुरेसे' म्हणजे किती, ते पणजीच्या हातालाच ठाऊक.

तंजावरला सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती छापल्या गेल्याच की, असे मला ऐकवले जाते. चांगलेच झाले. पण दरबारी नोंद तिऱ्हाइताला कळावी अशी लिहिलेली असते. आमची वही, जिला निम्मे आधीच येते तिच्यासाठी आहे.

मग औषधे गाळून फक्त पाककृती द्या, असे सुचवले जाते. ज्या पानावर गोडंबी घातलेले डिंकाचे लाडू आहेत, त्याच पानाच्या पाठीवर टाचेच्या भेगांवर बिब्बा सांगितला आहे. आणि गोडंबी ही बिब्ब्याच्याच आतली बी. हे पान उभे चिरून कोणता अर्धा तुम्हाला देऊ?

तेच पान काही वर्षांपूर्वी मी एका मंडळाच्या स्मरणिकेला दिले होते. दाभणाला टोचलेला बिब्बा ज्योतीवर धरावा आणि गळणारे तेल भेगेत सोडावे, एवढे त्यांनी सुबक बाळबोधीत छापले. समासात आजीच्या अक्षरात आडव्या ओळी होत्या : भोवती आधी चुना लावावा, नाजूक कातडीच्या माणसाला लावू नये, उतल्यास, म्हणजे फोड उठल्यास, खोबरे चावून त्यावर थापावे. जागेअभावी त्या गाळल्या, असे मला मागाहून सांगण्यात आले. माझ्या आत्याच्या सुनेने ती स्मरणिका वाचली आणि सासूच्या माहेरच्या वहीतला उपाय म्हणून मोठ्या मायेने आत्याच्या टाचांना केला. आत्याला मधुमेह होता. दुसऱ्या दिवशी पाऊल फोडांनी भरले, सूज पोटरीपर्यंत चढली, पुढे जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. 'बिब्बा उतला, दुसरे काय,' एवढेच आत्या म्हणत राहिली. सून अजून माझ्याशी बोलत नाही.

समास गाळला तो त्यांनी, मी नव्हे, हे मी ज्याला त्याला सांगत आले. परंतु डॉक्टरांचे म्हणणे असे की, समास छापला असता तरी मधुमेहाच्या पायाला हा उपाय घातकच होता. तसे असेल तर माझा राग नेमका कशावर, हे मला नीट सांगता येत नाही. त्याच वहीत रडणाऱ्या तान्ह्या मुलासाठी अफू आहे आणि मलमात मोरचूद, म्हणजे तांब्याचा विषारी क्षार, आहे; त्यांना तर समासही नाही.

पान देताना मीच ठासून म्हणाले होते की, वैद्यांनी गुण मुठीत ठेवले आणि ते त्यांच्याबरोबर सरणावर गेले. त्या वेळच्या मला आज खोटे पाडता येत नाही. ती हट्टी होती, पण आत्याचे पाऊल तिने पाहिले नव्हते, एवढेच मी तिला सुनावू शकते.

भाची म्हणते, वही पुराभिलेखागारात दे, तिथे मोडी जाणणारी माणसे आहेत. मी तिला अजून होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. तोवर ज्यांना वाचायची असेल त्यांनी घरी यावे; समासासकट वाचून दाखवीन. फोटो काढू देणार नाही.