चार दारांसाठी अख्खी केबिन बदलली: माझा अनुभव

माझा ट्रक २००४ चा शेव्हरोले सिल्व्हरॅडो, एक्स्टेंडेड कॅब. मागे सीट आहे, पण मागचं दार उलट्या बाजूने उघडतं, आणि तेही पुढचं दार आधी उघडलं तरच. एकटा होतो तोवर मागे हत्यारं आणि जॅकेटं पडलेली असायची, काही अडत नव्हतं. मग धाकटी झाली. तिची मागे तोंड करून बसवायची सीट लावली की पुढची सीट इतकी पुढे सरकायची की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे. त्यात कोल्हापूरहून आई आणि अण्णा सहा महिन्यांसाठी मिशिगनला आले. आईचे गुडघे दुखतात. मागे बसवली की उतरताना ती आतच थांबून राहायची, कुणीतरी पुढचं दार उघडेपर्यंत. थंडीत, पार्किंगमध्ये, पर्स मांडीवर घेऊन ती वाट बघत बसलेली मला बघवेना.

गाडी विकून दुसरी का घेतली नाही, असं सगळ्यांनी विचारलं. इंजिन ५.३ लिटरचं व्ही-एट, एकदम निरोगी. चासीला दर हिवाळ्याआधी खालून तेल मारत आलोय, कारण इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ ट्रक खाऊन टाकतं. ज्या गाडीची इतकी वर्षं सेवा केली, तिची नस न् नस माहीत असते. ती देऊन दुसऱ्याची अनोळखी गाडी आणायची माझी तयारी नव्हती.

पहिला विचार असा की आहेत तीच दारं कापून मोठी करावीत. अण्णांनी एका वाक्यात तो मोडून काढला. त्यांची उमेदीची वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेली आहेत. माझ्या ट्रकची दोन्ही दारं उघडून त्यांनी मधल्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, इथं खांबच नाही. दार टांगणार कशाला?" खरंच होतं. एक्स्टेंडेड कॅबमध्ये दोन दारांच्या मध्ये खांब नसतो, मागचं दारच खांबाचं काम करतं. चार स्वतंत्र दारं हवीत तर छतापासून फ्लोअरपर्यंत उभा, बाजूने धडक बसली तरी टिकणारा खांब हवा. तो घरच्या वेल्डिंगने बनवायचा नसतो. ज्या केबिनमध्ये माझी मुलगी बसणार तिच्यात तर नाहीच.

म्हणून अख्खी क्रू कॅब, म्हणजे चार स्वतंत्र दारांची केबिन, आणायचं ठरलं. या ट्रकच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. साडेसहा फुटी हौद्याच्या एक्स्टेंडेड कॅबचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १४३.५ इंच, आणि पाच फूट आठ इंची हौद्याच्या क्रू कॅबचाही १४३.५ इंचच. म्हणजे चासी लांब करायची नाही, ड्राइव्हशाफ्टला हात लावायचा नाही. केबिन जितकी मागे वाढते, हौदा तितका कमी होतो. हलक्या १५०० मॉडेलला ही छोट्या हौद्याची क्रू कॅब २००४ पासून मिळायला लागली, म्हणून डोनर, म्हणजे जिची केबिन काढून घ्यायची ती गाडी, तीही त्याच सालची शोधली. साल एक असेल तर वायरिंगचे कनेक्टर एकमेकांत बसतात. कुणी हे काम काढणार असेल तर माझा पहिला सल्ला हाच, शंभर डॉलर वाचवायला दुसऱ्या सालची केबिन घेऊ नका.

डोनर शोधण्यातच बरेच आठवडे गेले. या ट्रकची केबिन दोन ठिकाणी सडते, दारांखालच्या पट्ट्या आणि मागचे कोपरे. मिशिगनमधल्या सगळ्या केबिनमध्ये तिथे बोट आत जायचं. एका विक्रेत्याने फोनवर "गंज अजिबात नाही" सांगितलं. तीन तास गाडी चालवून गेलो तर कोपऱ्यांत नुसतं पोटीन भरून रंग मारलेला. चुंबक चिकटेना. शेवटी केंटकीत एक मिळाली. बर्फावरून घसरून खड्ड्यात गेलेली, पुढचं चाक तुटलेलं, चासी पुढून वाकलेली, पण एअरबॅग उघडल्या नव्हत्या आणि केबिनवर ओरखडाही नव्हता. चारही दारांच्या फटी एकसारख्या होत्या. २,६०० डॉलर आणि टो करून आणायचे वेगळे.

आता कागदांचं. याची चौकशी मी डोनर घ्यायच्या आधी केली आणि केली ते फार बरं झालं. गाडीचा नंबर, म्हणजे पाटीवरचा नव्हे तर कारखान्यात दिलेला ओळख क्रमांक, डॅशबोर्डवरच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी केबिनबरोबर जाते. ती काढून दुसरीकडे लावणं अमेरिकेत गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. चासीवरही नंबर ठोकलेला असतो. त्यामुळे केबिन बदलली की एकाच गाडीवर दोन नंबर. मी दोन्ही गाड्यांची मालकीपत्रं, प्रत्येक सुट्या भागाची पावती आणि रोजचे फोटो एका फाइलमध्ये ठेवले. गाडी डोनरच्या नंबरवर उभी राहिली, 'रिबिल्ट', म्हणजे मोडलेली गाडी पुन्हा उभी केलेली, असा शेरा असलेल्या मालकीपत्रावर. त्याआधी त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेला पोलीस अधिकारी गाडी तपासतो. विम्याला आधी फोन करा. रिबिल्ट गाडीला सगळे पूर्ण विमा देत नाहीत.

(भारतात असा बदल करायचा विचारही करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलंय. अण्णांनाही हे पटतं. रस्त्यावर मोडलेल्या बॉड्या त्यांनी पुष्कळ बघितल्यात.)

गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याचं धान्याचं जुनं कोठार आहे. वर लोखंडी तुळई, तिला चेन पुली टांगली. एसीचा गॅस गॅरेजमध्ये नेऊन रिकामा करून घेतला, तो हवेत सोडायला परवानगी नाही. मग बॅटरी, कूलंट, हीटरच्या नळ्या, स्टिअरिंगचा दांडा, मास्टर सिलिंडरच्या ब्रेक लाइन, गिअरची केबल, हँडब्रेक, अर्थिंगच्या पट्ट्या. प्रत्येक कनेक्टरला टेप लावून मराठीत लिहिलं. आईने बसून लिहिलं, मी सांगत गेलो. "डावीकडचा, करडा, मोठा." दोन महिन्यांनी जोडताना तिच्या अक्षरातल्या त्या चिठ्ठ्यांनी मला वाचवलं.

केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, बुशातून बोल्ट आणि वर फ्लोअरच्या आत वेल्ड केलेला नट. माझ्या केबिनचा मागचा डावा बोल्ट गंजून इतका धरला होता की पाना लावल्यावर नटच आतल्या आत फिरायला लागला. दोन दिवस तेल सोडलं, गरम केला, रबर जळून धूर झाला. शेवटी जुनीच केबिन होती म्हणून फ्लोअर कापून नट धरला. नव्या केबिनचा एकही बोल्ट मी असा जोराने काढला नाही, तासतासभर थांबलो.

या कामाचा जीव चासीवरच्या केबिनच्या मागच्या ब्रॅकेटमध्ये आहे. पुढचे ब्रॅकेट जागच्या जागी जुळतात. मागचे मागे सरकवायचे, आणि हौद्याचेही. डोनरच्या चासीवरून मी ते कापून आणले, पेट्रोलची टाकी काढून कोठाराबाहेर ठेवली आणि माप घेतलं ते मागच्या बंपरपासून. तिथे चुकलो. बंपर कधीतरी कुणाला टेकला होता आणि एका बाजूला आत गेला होता. अण्णांनी ओळंबा सोडला, चासीच्या कारखान्यात पाडलेल्या भोकांपासून दोन्ही कर्ण मोजायला लावले. सहा मिलिमीटरचा फरक. "आधी टॅक मार," म्हणाले, म्हणजे वेल्डिंगचे नुसते तात्पुरते ठिपके. "केबिन ठेव, दारं लाव, चारही दारं उघडझाप करून बघ. मग भर."

मी कंटाळलो होतो. केबिन पुन्हा उतरवायची, पुन्हा चढवायची, म्हणजे अख्खा दिवस. तरी केलं. डावीकडचं मागचं दार बंद होताना खाली घासत होतं, आवाज पत्र्याचा यायचा. टॅक ग्राइंडरने तोडून ब्रॅकेट सरकवला, पुन्हा ठेवली. तिसऱ्या वेळी दाराचा आवाज बदलला. जड, मऊ, एकच. अण्णा त्या वेळी चहा पीत पाठमोरे उभे होते, तिथूनच म्हणाले, "आता भर." वेल्डिंग चासीच्या लांबीच्या दिशेने केलं. वरच्या-खालच्या कडांवर आडवं वेल्डिंग केलं तर चासी तिथेच चिरते. वर प्रायमर, रंग आणि आतून मेण.

बाकीचं वेळ खाणारं होतं, अवघड नव्हतं. ब्रेकच्या लाइनी सगळ्या नव्या टाकल्या, उघडल्याच होत्या तर जुन्या गंजक्या ठेवण्यात अर्थ नव्हता.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा तेच. माझ्या पोटात गोळा आला. मग 'सिक्युरिटी'चा दिवा दिसला. केबिन बदलली की चोरीविरोधी यंत्रणेला इंजिनचा कॉम्प्युटर ओळखत नाही. किल्ली चालू ठेवून दिवा विझेपर्यंत, सुमारे दहा मिनिटं थांबायचं, किल्ली बंद करायची, असं तीनदा. तो अर्धा तास मी आणि अण्णा पुढच्या सीटवर शेजारी बसलो. बाहेर बर्फ पडत होता. अण्णा उद्यमनगरातल्या त्यांच्या पहिल्या मालकाबद्दल बोलत होते, जे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. तिसरी दहा मिनिटं संपली, किल्ली फिरवली, आणि व्ही-एट लागला तो लागलाच.

एकूण अकरा शनिवार-रविवार आणि सगळे मिळून पाच हजार डॉलरच्या आत. उरलेली डोनर चासी भंगारात दिली. पुढचे फेंडर माझे गडद हिरवे आहेत आणि केबिन-हौदा चंदेरी, रंग उन्हाळ्यात काढेन. मंडळाच्या गणपतीचं मखर आता हौद्याचं फळकं लावून मावत नाही, ते उघडं ठेवून दोरी बांधावी लागते.

तपासणी होऊन पाटी मिळाली त्या रविवारी आम्ही सगळे भाजी आणायला गेलो. धाकटी मागे तिच्या सीटवर, आई तिच्या शेजारी. मी गाडी लावली, उतरून सवयीने आईच्या बाजूला वळलो. ती आधीच उतरून दार लावत होती.