नाव कोणाचं टाकाचं?

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना बाजाराचं एक गाव लागतं. तिथल्या भांड्यांच्या दुकानात स्वतःसाठी भांडं घेणारं गिऱ्हाईक क्वचितच दिसतं. चहाची गाळणी, कुकरची रिंग, दांडा निघालेल्या सराट्याच्या, म्हणजे उलथन्याच्या, जागी नवा सराटा, असलं किरकोळ सामान माणूस स्वतःला घेतो. बाकीचं सगळं दुसऱ्याला द्यायचं असतं. पुतणीच्या आंदणात पाणी भरायचा गुंड आणि परातीसारखा कोपर, भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून डबे, कोणाच्या घरभरणीला परात, जावयाला धोंड्यात दिव्यासकट ताट. त्यामुळे भांडी एकीकडे आणि भेटवस्तू दुसरीकडे अशी मांडणी करायच्या भानगडीत हा दुकानदार पडलेलाच नाही. कढयांच्या शेजारी भिंतीवरची घड्याळं आणि घड्याळांच्या खाली पोळपाट.

ही घड्याळं बघण्यासारखी आहेत. गजानन महाराज, तुकडोजी महाराज, विठ्ठल-रुक्मिणी, बुद्ध, बाबासाहेब, सगळे एका ओळीत, आणि सगळ्यांची वेळ दहा वाजून दहा मिनिटं. सेलच्या खाचेत प्लॅस्टिकची बारीक चकती घालून ठेवलेली असते. गिऱ्हाईक पक्कं झालं की दुकानदार चकती ओढतो आणि घड्याळ चालू. लग्न कोणाकडचं आहे ते विचारायची त्याला गरज पडत नाही. आडनाव ऐकलं की हात बरोबर त्या घड्याळाकडे जातो.

त्याखालच्या फळीवर लेमन सेट. एक जग, सहा गिलास, वर पारदर्शक कागद, आत पिवळं सॅटिन. लेमन सेटमधून लिंबाचं सरबत प्यायलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तो एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जातो, वरचा कागद तेवढा बदलतो. दुकानदाराला हे चांगलं ठाऊक आहे. नुसता वेष्टणाचा कागद मागायला आलेल्या बाईला तो विचारतो, ‘लेमन सेटचा माप द्यू का?’ आणि ती बाई न लाजता हो म्हणते.

पण दुकानाचा जीव आहे तो नाव टाकायच्या मशीनमध्ये. पेनाएवढं ते यंत्र, मागे वायर, पुढे सुई. दुकानदाराचा मुलगा गंज, म्हणजे आमच्याकडचं उभट पातेलं, मांडीत आडवा धरतो, फडक्यानं एक जागा पुसतो आणि टर्रर्र सुरू होतं. अक्षरं आधी येतात, एकमेकांपासून सुटी, बिनाडोक्याची. शब्द पुरा झाला की एका दमात वरची रेघ. गोल भांड्यावर ती रेघ सरळ मारणं सोपं नाही. मी पाहत असताना त्याची जीभ दातांत आली होती आणि समोर उभ्या चार बायांचा श्वासही थांबला होता. रेघ पार झाली, तसा त्यानं अंगठ्यानं कीस झटकला आणि पुढचा शब्द विचारला. पूर्वी हे काम छन्नी आणि छोट्या हातोडीनं व्हायचं, ठिपक्या-ठिपक्यांनी. ती अक्षरं ओबडधोबड, पण राखेनं किती वर्षं घासा, जायची नाहीत. मशीनचं नाव तारेच्या घासणीपुढे लवकर पुसट होतं, हे मी माझ्याच घरच्या डब्यांवरून सांगते.

मजकुराचेही रिवाज असतात. ‘चि. सौ. कां.’ कुठे येतं, ‘आयु.’ कुठे, कोणाकडे ‘कै.’ लिहायचं आणि बौद्ध घरातल्या वारलेल्या आजोबांसाठी ‘कालकथित’, हे त्या विशीतल्या पोराला तोंडपाठ आहे. एखाद्या कारकुनालाही इतकं भान नसतं. एकदा भला मोठा गंज आला होता, दोन माणसं धरून आणलेला. त्यावर नाव घातलं, ‘पंच कमिटी, हनुमान मंदिर’. असा गंज गावातल्या प्रत्येक पंगतीला जातो, आणि नाव नसेल तर तिसऱ्या पंगतीनंतर तो कोणाचा, यावर भांडण ठरलेलं.

आता धातूचं. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं शहर, तरी या दुकानातलं पितळ वरच्या फळीवर गेलंय आणि समोर सगळं स्टील. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, गंज रोजच्या भाताला घरोघरी असतो, पण आंदणात कोणी जर्मन देत नाही, ते कमीपणाचं. स्टीलमध्येही उतरंड आहे. दुकानदारानं जुन्या स्पीकरचं चुंबक काउंटरला दोरीनं बांधून ठेवलंय. चुंबक चिकटलं की बाया भांडं खाली ठेवतात. खरं तर ही अर्धीच परीक्षा. न चिकटणाऱ्यातही दोन प्रकार आहेत. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, तर 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं. दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. माझी मावशी चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. भांडं हातावर तोलते, बोटाच्या पेरानं ठोकते, कान देते आणि म्हणते, ‘पत्रा हाय नुसता.’ दुकानदार काही न बोलता दुसरं काढतो.

पितळ वजनावर विकलं जातं आणि मोडही वजनावरच घेतली जाते. जुनं पितळ द्या, नव्या स्टीलमधून किंमत वजा. गावातल्या बायांनी या सौद्यात घागरी, बटलोया, गुंड कधीच देऊन टाकले, आणि मला त्यांचं बरोबरच वाटतं. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं. ते टाळायचं तर कल्हई हवी. भांडं तापवायचं, नवसागर टाकून साफ करायचं, कथील फिरवून कापसानं पुसत जायचं. ते करणारा माणूस आता गावात येतो कुठे? शिवाय भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेऊन विहिरीवरून आलेल्या बाईला पितळेचा उमाळा यावा, अशी अपेक्षा शहरातल्या माणसानं करू नये.

करतो मात्र. नागपूरच्या गाड्या इथे थांबतात त्या नव्या मालासाठी नाही, मोडीच्या पोत्यासाठी. मीही त्यातलीच. त्या दिवशी पोत्यात मला एक गुंड सापडला, पोटाला दोन पोचे, गळ्याशी ठिपक्यांचं नाव. नाव बरंचसं झिजलेलं, शेवटचं ‘बाई’ आणि ‘सन 1968’ तेवढं वाचता येत होतं. मी तो बाजूला काढून ठेवला, तशी दुकानदाराची बायको म्हणाली, ‘लोकाच्या नावाचा गुंड नेऊन का करता जी ताई?’ म्हटलं, दारात छत्र्या ठेवीन. ती अशी हसली की बाहेर बकेट पाहणाऱ्या बायाही आत डोकावल्या. हसली खरी, पण भाव मोडीच्या दीडपट लावला.

काशाला मात्र बरे दिवस आलेत. चार भाग तांब्याला एक भागाहून थोडं जास्त कथील, असा हा मिश्रधातू, ठिसूळ, पडला की फुटायची भीती. ताटं कोणी घेत नाही. वाटी सगळे घेतात, कारण विदर्भातल्या मे महिन्यात तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवण्यासारखं सुख नाही. कूलर वारा देतो, पण डोळ्यांची आग वाटीनंच उतरते, असं मावशीचं म्हणणं, आणि मी त्यावर वाद घालत नाही.

धंद्याचा हंगाम धानावर ठरतो. दिवाळीनंतर धान निघतो, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. मंडईला लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, रात्री नाटक होतं, आणि दिवसा पाहुण्यांना घेऊन घरातल्या बाया दुकानात. तिथेच सोयरिकी जमतात आणि तिथेच आंदणाची यादीही निघते. उधारीच्या वहीत तारीख नसते. ‘चुकारे आल्यावर’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि सरकारी खरेदीतल्या धानाचे चुकारे कधी येतील, ते दुकानदार काय किंवा शेतकरी काय, कोणालाच सांगता येत नाही. संक्रांतीला वाणाचा माल येतो, डझनावारी छोट्या वाट्या आणि प्लॅस्टिकच्या चाळण्या. अधिक महिन्यात जावयांची पाळी. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तर 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. 33 अनारसे मावतील एवढं ताट मागतात. दुकानदार ताट काढण्याआधी विचारतो, अनारसे घरचे का विकतचे? विकतचे लहान असतात.

त्या दिवशी आम्ही गेलो होतो ते मावसबहिणीच्या मुलीच्या आंदणाचा गंज घ्यायला. गंज नंबरावर मिळतात. मावशीनं 16 नंबरचा पसंत केला, ठोकून पाहिला, भाव पाडला. मग पोरानं मशीन हातात घेऊन विचारलं, ‘नाव कोणाचं टाकाचं जी?’ आणि खरी अडचण सुरू झाली. पैसे चौघी बहिणींचे. म्हणून चौघींची नावं. मग तिसरीचा फोन आला, की नुसतं बायांचं नाव कसं, यजमानांचंही पाहिजे. मामा वारले, पण त्यांचं नाव गेल्या तिन्ही लग्नांत होतं, तेव्हा कै. करून तेही हवं. त्यावर मुलीचं नाव, तारीख आणि सप्रेम भेट. पोरानं कागदावर सगळं लिहून काढलं, गंजाभोवती टेप फिरवला आणि मान हलवली.

‘एवढं नाही मावत, मावशी.’

‘बारीक लिव्ह नं, बापू.’

‘बारीक लिवलं त वाचाचं कोनं?’

दुकानदार गल्ल्यावरून उठला. कोणाला गाळायचं ते त्यानं विचारलं नाही. असल्या सल्ल्यानं गिऱ्हाईक तुटतं, हे तो जाणून आहे. त्यानं फळीवरून 18 नंबरचा गंज काढून मावशीपुढे ठेवला. ‘याच्यावर सगळे बसतात,’ म्हणाला, ‘आन् एका जनाची जागा उरते.’

मावशीनं 18 नंबर ठोकून पाहिला आणि माझ्याकडे वळली. ‘तुयं टाकू का?’ मी पाकीट काढलं.