भुशीच्या पायऱ्यांवरचं पाणी: बघायला जाणार असाल तर

पावसाळ्यात भुशी डॅमला सगळेच भिजायला जातात, आम्ही या वेळी सांडव्याच्या (धरण भरलं की जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या भागाच्या) पायऱ्यांवरून पाणी नेमकं कसं उतरतं तेवढंच बघायला गेलो होतो. अजून कोणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

पुण्यातल्या शिवाजीनगरहून सकाळची लवकरची लोणावळा लोकल धरा, दीड तासाच्या आसपास लागतो, स्टेशनहून पुढे रिक्षा किंवा पाय चांगले असतील तर चालत. शनिवार-रविवार नको, आणि त्यात स्वतःची गाडी तर नकोच नको, रस्त्यातच दिवस जातो. नऊच्या आत पोचलात की पायऱ्या मोकळ्या असतात आणि एका कडेला उभं राहून निवांत बघता येतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी बेताचंच होतं. वरच्या पायरीवर एक वाळकं पान सोडलं, ते कडेवरून खालच्या पायरीवर पडलं, तिथे जरा गोल फिरलं, मग हळूच पुढच्या कडेला आलं आणि परत पडलं. प्रत्येक पायरीवर हेच. पडणाऱ्या धारेच्या मागे हात घातला तर आत पोकळी लागते, नुसती हवा. म्हणजे पाणी थोडं पडतं, आपटतं, वेग घालवतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात करतं, त्यामुळे खाली पोचेपर्यंत त्याच्यात फारसा जोर उरतच नाही. सांडव्याला पायऱ्या करतात त्या याच्यासाठी. न्यूयॉर्कजवळच्या न्यू क्रोटन धरणाला 1906 सालीच असा पायऱ्यांचा सांडवा होता, आणि 1980 नंतर रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणं आली, ती थरांवर थर टाकूनच बांधतात, मग पायऱ्या जवळपास आयत्याच मिळायला लागल्या.

खरी मजा (आणि खरा धोका) पाणी वाढतं तेव्हा. मागे डोंगरात जोराची सर आली असणार, कारण आमच्याकडे पाऊस नव्हता तरी पाणी हळूहळू मातकट व्हायला लागलं. कणसं भाजणाऱ्या मावशी वरून ओरडल्या, "दादा, पाणी लाल झालं, पोरांना घेऊन बाहेर या!" आम्ही लगेच बाहेर आलो आणि काठावरून बघत बसलो. आधी प्रत्येक पायरीचा वेगळा आवाज येत होता, तो बघता बघता एकसलग घरघर झाला. धारांमागच्या पोकळ्या एकेक करून पाण्याने भरत चालल्या. पाणी याहून खूप वाढलं की पायऱ्यांच्या खाचांत नुसते आडवे भोवरे फिरत राहतात आणि मुख्य प्रवाह पायऱ्यांच्या टोकांवरून सरळ घसरत जातो, पायरीवर टेकतच नाही, तेव्हा पान टाकलं तर एका दमात खाली. हिशोब असा की माथ्यावर पाण्याची जाडी साधारण पायरीच्या उंचीइतकी झाली की हा बदल पूर्ण होतो (उतार कसा आहे त्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे), 30 सेंटिमीटरची पायरी धरली तर दर मीटर रुंदीला सेकंदाला 500 लिटर पाणी झालं ते. अशा वेळी जोर मोडतात ते खाचांतले भोवरे.

पण हा आकडा तुमच्या उभं राहण्यासाठी नाही हे नीट लक्षात घ्या. माणूस त्याच्या कितीतरी आधी पडतो, वेगात असलेलं नडगीभर पाणी पुरतं, त्यात पायरीवर शेवाळ. घोट्याच्या वर पाणी आलं की बाहेर, रंग बदलला की बाहेर, आवाज एकसारखा झाला की बाहेर, यातलं एक जरी दिसलं तरी दुसऱ्याची वाट बघायची नाही. 30 जून 2024 ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तिथेही पाणी असंच वाढलं होतं. निघायच्या आधी त्या वर्षीचे प्रशासनाचे आदेश आणि वेळा बघून घ्या, चपला नकोत, ग्रिपवाले बूट घाला, आणि पोरांचा हात सोडू नका.

अजून एक बघण्यासारखं म्हणजे पाणी पांढरं कुठे होतं ती जागा. माथ्याजवळ ते काचेसारखं असतं, मग एका ठिकाणापासून एकदम दुधाळ. तळाशी घासून तयार झालेली खळबळ वाढत वाढत पृष्ठभागापर्यंत पोचली की तिथून हवा आत ओढली जाते. पायऱ्या असल्या की हे गुळगुळीत उतारापेक्षा लवकर होतं, आणि ही हवा मोठ्या धरणांत काँक्रीट वाचवते, कारण वेगवान पाण्यात तयार होणारे पोकळ बुडबुडे फुटून पृष्ठभाग खातात आणि पाण्यात थोडीशी हवा मिसळलेली असली तरी तो मार पुष्कळ कमी होतो. पोहणाऱ्यांनी मात्र उलटं ध्यानात ठेवा, हवा मिसळलेलं पाणी हलकं असतं, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही.

तुलना करायची असेल तर दुसऱ्या दिवशी पुण्याजवळचं खडकवासला धरण करा, विसर्ग चालू असताना, लांबूनच. तिथे पायऱ्या नाहीत, दारातून सुटलेलं पाणी गुळगुळीत उतारावरून सरळ खाली येतं आणि सगळा जोर पायथ्याशी निघतो. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये आपोआप उघडणारी दारं बसवली ती याच धरणावर. बातमीत 10,000 क्युसेक वाचलं की सेकंदाला 2 लाख 83 हजार लिटर समजायचं, त्या दिवशी पुण्यात नदीपात्रातल्या रस्त्याने जाऊ नका आणि भिडे पुलाचं आधी विचारून घ्या. 1916 साली सुरू झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थाही आता खडकवासल्यालाच आहे, तिथे धरणांची आणि सांडव्यांची छोटी मॉडेलं करून त्यांवर पाणी सोडून बघतात. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, कॉलेजचा ग्रुप असेल तर तुमच्या सरांना कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्यायला सांगा, आणि पत्र पावसाळ्याच्या बरंच आधी जाऊ दे.