तिकडं राहून काय काढतेस?

सिल्लोडला आले की मावशीचा प्रश्न ठरलेला, "तिकडं राहूनबी आपल्याच भिंती काढायलीस का गं?" चित्रकला शिकणारी मुलं तेच जरा सभ्यपणे विचारतात: इतकी वर्षं लंडनमध्ये राहून तुमच्या चित्रांत लंडन कुठं आहे? आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी भिंतीचं चित्र काढत नाही, लाकडी फळीवर भिंतच लिंपते. माती भिजवायची, बारीक काड मिसळायचं, मुरू द्यायची, मग तुडवायची. हाताला न चिकटता बोटांतून सरकू लागली की गारा झाला. एक पातळ थर सुकला की दुसरा, त्यावर चुन्याचा हात आणि मग सरसात कालवलेले रंग. आमचं धाब्याचं घर आई अशाच गाऱ्यानं लिंपायची. अजिंठ्याची रीतही याच कुळातली: खडकावर माती, भाताचं तूस आणि झाडांचे तंतू, वर चुना, आणि कोरड्या थरावर रंग.

माती मात्र लंडनची. कुठं पाया खणत असले की बादलीभर मागून आणते. 'लंडन क्ले' म्हणतात तिला. पावसात फुगते, कोरड्या उन्हाळ्यात आकसते, घरांच्या भिंतींना तडे पाडते. आपल्या काळीचा स्वभाव तरी दुसरा काय आहे? काड किती घातलं की भेगा आवरतात, हे आईच्या हाताखाली शिकले होते. तो अंदाज तिथंही चालला. म्हणजे लंडन माझ्या फळीवर अंगुळभर जाड बसलंय!

तिथले लोक उलटं विचारतात, मोर कुठंय, देवी कुठंय? मला दोन्हीचा राग येतो. गाव सोडलेल्या माणसानं एकतर सोडलेलं दाखवावं नाहीतर गाठलेलं, हा हट्ट कशाला? अजिंठ्यातला निळा रंग ज्या लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा, त्याला परका कोण म्हणतं?

कॅनव्हास का नाही, हेही विचारतात. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं राबून कॅनव्हासवर केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढं १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा कॅनव्हासवरच केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत जळाल्या. उरलेल्या त्याच संग्रहालयात, म्हणजे आताच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. मातीवरची मूळ चित्रं मात्र झिजत, पोपडे धरत का होईना, लेण्यांत अजून आहेत. माझा मातीवरचा विश्वास तिथून आलाय.

पोट फ्रेमच्या दुकानातल्या नोकरीवर चालतं, चित्रांवर नाही.

फळ्या इकडं दाखव, असं सगळे म्हणतात. विमानात त्या तडकतील. म्हणून इथंच काळ्या मातीत नव्या करायच्या ठरवल्यात. गारा तुडवणारे आता फार उरले नाहीत, पण शेजारच्या गावचे एक गवंडीकाका तयार झालेत. तूस त्यांच्याच ओळखीच्या गिरणीतून येईल. दिवाळीनंतर सुरुवात करू.