जमिरोक्वायचा 'अ फंक ओडिसी' : सरळ ठेक्यावरचा फंक

जमिरोक्वाय या ब्रिटिश बँडचा 'अ फंक ओडिसी' हा पाचवा स्टुडिओ अल्बम सप्टेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅसिड जॅझमधून, म्हणजे जॅझ आणि फंक (ठेकेदार नृत्यसंगीत) यांच्या मिश्रणातून, पुढे आलेल्या या वादकांनी इथे डिस्को आणि हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या ठेक्यापुढे आपले जॅझ गहाण टाकले, असे मानणारे रसिक आहेत. मला मात्र हे मत मुळीच पटत नाही. लंडनमधील क्लबांत डीजे मंडळी जुन्या जॅझ-फंकच्या तबकड्या लोकांना नाचवण्यासाठीच लावत असत आणि अ‍ॅसिड जॅझ जन्माला आले ते त्याच वातावरणात. जमिरोक्वायचे पहिले गाणेही १९९२ साली अ‍ॅसिड जॅझ रेकॉर्ड्स याच कंपनीने काढले होते.

बदल झाला तो वाद्यांच्या कामाच्या वाटणीत. सुरुवातीच्या अल्बममध्ये स्टुअर्ट झेंडरची बेस गिटार सतत वळणे घेत गाणे ओढून नेत असे. १९९८ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. या अल्बममधले 'लिटल एल' हे गाणे ऐकताना लक्षात येते की इथे बेस ड्रम प्रत्येक मात्रेवर न चुकता पडतो, बेस गिटार त्याला धरून राहते, आणि खेळ सुरू होतो तो वरच्या थरात : रॉब हॅरिसच्या गिटारचे तुटक, कोरडे आघात, व्हायोलिनांचे झेपावणारे सूर आणि तालाच्या किंचित मागे रेंगाळणारा, बँडचा गायक जे के याचा आवाज. नाशिकच्या मिरवणुका ऐकत वाढलेल्या माणसाला ही रचना चटकन उमगते, कारण ढोल आपला ठोका सोडत नाही म्हणूनच ताशा वाजवणाऱ्याला हवे तसे फिरता येते. ('लव्ह फूलॉसॉफी'मध्येही हेच तत्त्व आहे, फक्त चाल अधिक प्रसन्न आहे.)

सगळीच गाणी या उंचीची नाहीत. 'ट्वेंटी झिरो वन'मध्ये इलेक्ट्रॉनिक बाज सर्वांत उघड आहे, पण त्या ठेक्यावर कोणी मोकळेपणाने वाजवतच नाही, त्यामुळे ते गाणे मला अपुरे वाटते. 'कॉर्नर ऑफ द अर्थ' मात्र नृत्याचा आग्रह बाजूला ठेवून लॅटिन लयीत सावकाश उलगडते, आणि निसर्गात हरवून जाण्याचा त्याचा विषय त्या लयीला शोभतो. अल्बम मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. खालचे स्वर तिथे पोहोचतच नाहीत, आणि त्यांच्याविना वरची सारी नक्षी निराधार वाटते. मुंबई-आग्रा महामार्गाने गाडीतून जाताना तो पूर्ण, गाण्यांचा क्रम न बदलता ऐकावा.

'लिटल एल' आणि 'लव्ह फूलॉसॉफी' या दोन्ही गाण्यांच्या रचनेत जे केबरोबर कीबोर्डवादक टोबी स्मिथ याचा वाटा होता. २००२ मध्ये त्यानेही बँड सोडला. पुढचा अल्बम 'डायनामाइट' २००५ साली आला. त्यात नाचरा ठेका कायम आहे, परंतु स्मिथच्या कॉर्ड्समधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांतला) उबदारपणा मला त्यात सापडत नाही.